मोजलेलं पोर

ऑर्लाच्या गळ्यात सरकारी ओळखपत्र होतं, पिशवीत जनगणनेच्या फॉर्मांचा गठ्ठा होता, आणि तिला ओळखत नाही असं एकही माणूस इनिशकॉर बेटावर नव्हतं. गेली एकवीस वर्षं बेटाचं टपाल ती वाटत होती. तरी नियम तो नियम. प्रत्येक दारात उभी राहून ती ओळखपत्र पुढे करायची आणि "मी जनगणनेकडून आले आहे" असं घोकलेलं वाक्य म्हणायची. आतून उत्तर यायचं, "आलीस तर ये, दार लाव, सगळा वारा घरात सोडलास."

घरं सगळी मिळून सत्तेचाळीस. एप्रिलच्या तीन तारखेला, रविवारी रात्री, ज्या छपराखाली जो झोपेल त्याला त्या छपराखाली मोजायचं, असा सगळा मामला. मार्चभर फॉर्म वाटायचे आणि रविवार उलटला की गोळा करायचे. काम सोपं, पण लोक सोपे नव्हते. टेकडीवरचा मॅटी एकटाच राहायचा. 'आयरिश भाषा किती वेळा बोलता?' या प्रश्नापुढे त्यानं ठसक्यात 'रोज' अशी खूण केली.

"रोज कुणाशी बोलतोस रे, मॅटीकाका?" ऑर्लानं विचारलं.

"कुत्र्याशी."

"कुत्रा मोजत नाहीत."

"हळू बोल. त्याला वाटतं घर त्याच्या नावावर आहे."

अशी एकेक घरं करत ऑर्ला शेवटी धक्क्याजवळच्या घराशी आली. ते घर नॅनचं. बेटावर नॅन तीन होत्या, म्हणून हिला तिच्या बापाच्या नावानं 'टॉमची नॅन' म्हणायचे. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, पण तिला वय विचारलं तर म्हणायची, "म्हातारी झाले, एवढं पुरे नाही का?" ती कोंबड्या नावांनी ओळखायची, अंडी वाटीच्या मापानं द्यायची आणि चहात साखर गोड लागेपर्यंत घालायची. शनिवारी सभागृहात पत्त्यांचा डाव बसला की गुण दुसऱ्यानं लिहायचे. हिनं कधी बोटांवर हिशेब केला नाही, आणि तरी निम्मे डाव हीच घेऊन जायची. लोक म्हणायचे, म्हातारीला शाळेत गणित जमलं नाही. ऑर्लालाही लहानपणापासून तसंच वाटत आलं होतं.

"ठेव तिथं," फॉर्मकडे हनुवटीनं खूण करून नॅन म्हणाली. "चहा घे, आणि जाताना घेऊन जा."

"मावशी, तो भरायचा असतो. न्यायला मी तीन तारखेनंतर येणार."

"मी नाही भरत."

"आजवर भरलाच की दर वेळी."

"बार्टली भरायचा. तिकडे गोठ्यात बसून भरायचा आणि मी इकडे चुलीकडे बघत बसायची. त्यानं काय केलं ते मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. असा चांगला संसार झाला आमचा." बार्टली म्हणजे तिचा नवरा. त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती.

शेजारच्या खुर्चीत नॅनची नात रोशीन पाय वर करून बसली होती. तिला नववा महिना लागला होता. ती आणि तिचा नवरा डॅरा याच घरात राहायची. दोघं पुढच्या आठवड्यात बोटीनं किनाऱ्यावरच्या गॉलवे शहरात जाणार होती, कारण बेटावर दवाखाना नाही आणि बाळंतपणाला दोन आठवडे उरले की पोटुशीनं पलीकडे जाऊन राहायचं, अशीच रीत होती. रोशीननं ऑर्लाकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच सांगितलं, आत्ता नको. पण ऑर्ला टपालवाली. पत्र हातात पडल्याशिवाय ती दारातून हलत नसे.

"तू फक्त नावं सांग," ती म्हणाली. "आकडा मी घालते."

"नावं सांगितली की झालंच मोजून. तुझी बोटं काय गप्प बसणार आहेत?"

"कायदा आहे, मावशी."

"मग पोलिसाला पाठव. त्यालाही चहा देईन."

रोशीन हसली आणि हसता हसता पोट धरून आत पडायला गेली. ती गेल्यावर नॅनचा आवाज एकदम खाली आला. "पोरी, घरात एक यायचं आहे. यायच्या आधी घर मोजायचं नसतं. मोजलं की दृष्ट लागते. मला यापुढे विचारू नकोस."

ऑर्लाला राग आला होता, आणि खरं सांगायचं तर तो रागही नव्हता. सत्तेचाळीस घरांचं बेट कागदावर जाणार, त्यात मॅटी जाणार, त्याच्या कुत्र्याशी बोललेलं आयरिशसुद्धा जाणार, आणि जिनं ऑर्लाच्या आईला शेवटच्या दुखण्यात महिनाभर चमच्यानं सूप पाजलं ती नॅन तेवढी त्यात नसणार. असलं खोटं बेट आपल्या हातानं पिशवीत भरून पाठवायचं, हे तिच्या जिवाला लागलं होतं. म्हणून ती विचारू नकोस म्हटल्यावरही बसून राहिली. नॅननं चुलीत पीटची, जळणासाठी वाळवलेल्या दलदलीच्या मातीची, ढेकळं सरकवली. मग ती आपणहून बोलली.

"फेस्टी माझा भाऊ होता, ते तुला ठाऊक आहे."

सगळ्या बेटाला ठाऊक होतं. चर्चच्या भिंतीवर बुडालेल्यांची नावं कोरली होती, त्यात त्याचं होतं. एकोणीस वर्षांचा होता.

"मी सहा वर्षांची होते. शाळेत नवी बाई आली होती, तिनं आकडे शिकवले. मला इतके आवडले ते, काय सांगू. दिसेल ते मोजत सुटले होते, दगड मोज, मेंढ्या मोज, आईच्या झग्याची बटणं मोज. जत्रेचा दिवस होता. माणसं होडीत बसत होती आणि मी धक्क्यावर उभी राहून मोठ्यानं मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सहावा फेस्टी. तो माझ्याकडे बघून हसला. मागून कुणीतरी बाईनं माझ्या तोंडावर हात दाबला, इतका जोरात की दात ओठात घुसला. होडीत बसलेली माणसं मोजायची नसतात हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. संध्याकाळी पाच जण आले."

ऑर्लानं विचारलं, "कुणी बोललं का तुला त्यावरून?"

"कुणीच नाही. आईनंही नाही. मरेपर्यंत एका शब्दानं नाही." नॅननं चिमटा चुलीच्या कडेला टेकवला. "तिला माहीत नसतं तर कधीतरी काहीतरी बोलली नसती का?"

एवढ्या वर्षांत हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, बार्टलीलाही नाही. ऑर्ला उठून तिच्याजवळ गेली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. लाट होती, मावशी, लाटेला आकडे कळत नाहीत, असं काहीतरी ती म्हणाली. नॅननं मान हलवली, आपण दुसऱ्याच्या पोराचं बोलणं ऐकून घेताना हलवतो तशी. मग तिनं एकच विचारलं.

"तिकडे गॉलवेत तर मोजणार नाहीत ना पोरीला?"

जनगणनेच्या रात्री दवाखान्यातही फॉर्म जातो, आणि बारा वाजायच्या आत जन्मलेलं बाळसुद्धा त्यात लिहितात, हे ऑर्लाला पाठ होतं. प्रशिक्षणात दोनदा सांगितलं होतं. पण म्हातारीचा चेहरा बघून तिनं बोलणं वळवलं. "तारीख दहाची आहे ना तिची? मग तीन तारखेला कसलं बाळ आणि कसली मोजणी," ती म्हणाली. खोटं नव्हतं ते. नुसतं आडवळण होतं. तरी रस्ताभर तिला ते टोचत राहिलं.

पुढच्या आठवड्यात रोशीन आणि डॅरा गेले. बोट सुटताना नॅन धक्क्यावर आली, रोशीनच्या कपाळावर तिनं अंगठ्यानं क्रूस काढला आणि माणसं बोटीत चढू लागली तशी समुद्राकडे पाठ करून उभी राहिली. बोटीवाल्या पोलीननं खिशात हात घालून आतल्या आत यंत्राचं बटण दाबत प्रवासी मोजले. हे तो तिच्यासमोर नेहमीच असं चोरून करायचा. नॅनला ते यंत्र माहीत होतं की नाही, हे विचारायची कुणाची छाती झाली नव्हती.

रविवारी तीन तारीख उजाडली. प्रार्थनेनंतर पाद्रीबाबांनी सगळ्यांना फॉर्मची आठवण करून दिली. ऑर्ला मागच्या बाकावर होती, ती नॅनच्या पाठीकडे बघत राहिली. पाठ हलली नाही. दुपारी चारच्या सुमारास डॅराचा फोन आला की रोशीनला मुलगी झाली, आठवडाभर आधीच, दोघी सुखरूप. नॅन घरोघर जाऊन सांगत सुटली. ऑर्लाच्या दारात आली तेव्हा तिच्या पायात एक बूट आणि एक घरातली सपात होती.

सोमवारी सकाळी ऑर्ला तिच्याकडे गेली ती फॉर्म न्यायला नव्हे, अभिनंदनाला म्हणून केक घेऊन गेली. फॉर्म ओट्याच्या कडेला होता तसाच होता. दोघी चहा पीत असताना रोशीनचा फोन आला आणि पडद्यावर ती दिसली, केस विस्कटलेले, चेहरा उजळलेला, आणि कुशीत लाल, सुरकुतलेलं, झोपेत तोंड हलवणारं एक गाठोडं.

"आजी, बघ ना हिच्या कानाकडे, सरळ आजोबांचे कान." मग हसून ती म्हणाली, "आणि एक मज्जा सांगू? रात्री नर्स तो फॉर्म घेऊन आली. म्हणाली बाराच्या आत आली ना, मग हिलाही लिहायचं. नाव ठरलं नव्हतं, तर नुसतं 'बाळ' लिहिलं. नाव नाही, गाव नाही, आणि बाईसाहेब देशाच्या मोजणीत."

 नॅन फोन ऑर्लाच्या हातात देऊन खुर्चीत बसली. ऑर्लानं कसेबसे चार शब्द बोलून फोन बंद केला.

"तुला माहीत होतं," नॅन म्हणाली.

"हो."

"मी विचारलं होतं तुला."

"हो, मावशी. चुकलं माझं."

नॅननं तिला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं केकचं ताट उचललं, ते कपाटात ठेवलं आणि म्हणाली, "जा आता. मला फोनजवळ बसायचं आहे."

तो आठवडा ऑर्लाला कधी विसरता आला नाही. नॅन दर जेवणाच्या वेळेला गॉलवेला फोन करायची. प्यायली का? झोपली का? रंग कसा आहे? पिवळी तर नाही पडली? मंगळवारी बाळ जरा पिवळं पडलं, तेव्हा नॅननं कोंबड्या सोडल्याच नाहीत दिवसभर. बुधवारी डॉक्टरनं काही नाही म्हणून सांगितलं. ऑर्ला टपाल घेऊन गेली की नॅन दाराच्या फटीतून हात काढायची आणि पत्र घ्यायची, आत ये म्हणायची नाही. बेटावर कुणी दारातून परत पाठवत नाही, त्यामुळे ऑर्ला दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन एकदा रडली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, ओळखपत्र गळ्यात घालणारी, लाटेला आकडे कळत नाहीत म्हणणारी ऑर्ला, तीसुद्धा रोज सकाळी उठल्याबरोबर खिडकीतून समुद्र कसा आहे ते बघायला लागली होती.

शनिवारी ते यायचे होते. शुक्रवारपासून वारा नैर्ऋत्येचा. पोलीननं फोन करून सांगितलं, बोट येईल, पण हलेल. ऑर्ला धक्क्यावर गेली तर नॅन आधीच तिथं होती. तिनं ऑर्लाकडे पाहिलं आणि आठवड्यात पहिल्यांदा जवळ सरकली. शिंगाड्याएवढे टपोरे थेंब उडत होते. बोट दिसायची, लाटेमागे बुडायची, पुन्हा दिसायची. नॅननं ऑर्लाचं मनगट धरलं. बोट धक्क्याला लागेपर्यंत तिनं ते सोडलं नाही, आणि ऑर्लानंही हात हलवला नाही, जरी बोटं बधिर झाली होती.

डॅरा आधी उतरला, मग रोशीन. पोलीननं बाळाची टोपली दोन्ही हातांनी वर दिली. बाळ झोपलेलं होतं. एवढ्या हेलकाव्यांत त्यानं डोळा उघडला नव्हता. रोशीन मात्र वांत्या करून हिरवी झाली होती. "ही मस्त झोपली," ती म्हणाली, "आणि मी सगळा नाश्ता समुद्राला दिला." नॅननं टोपली घेतली, शालीत तोंड घालून वास घेतला आणि तडक घराकडे चालू लागली.

दुसऱ्या दिवशी, प्रार्थना झाल्यावर, नॅननं निरोप पाठवला की पेन घेऊन ये.

ऑर्ला आत गेली तेव्हा रोशीन आणि बाळ आतल्या खोलीत झोपली होती. फॉर्म टेबलावर उघडा होता. नॅननं चष्मा पुसला, लावला, काढला, पुन्हा पुसला.

"त्या रविवारी रात्री मी घरात एकटी होते," ती म्हणाली. "मग वर काय लिहायचं?"

"एक."

नॅननं पेन हातात घेतलं. सत्तर-ऐंशी वर्षांत न काढलेली ती एकची रेघ तिनं वरून खाली काढली, जराशी वाकडी. मग नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली. रोशीन आणि डॅरा त्या रात्री बाहेर होते म्हणून त्यांची नावं वेगळ्या पानावर गेली. बाळाला लिहायचं का, ते तिनं विचारलं. ऑर्ला म्हणाली, ते तिकडे दवाखान्यात धरलं गेलंय, दोनदा नको. नॅननं मान डोलावली. मग पेन खाली ठेवलं आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

"मोजलेलं पोर समुद्रावरून आलं," ती म्हणाली.

"आलं, मावशी."

"झोपून आलं." तिनं फॉर्मवरची ती वाकडी रेघ बोटानं चाचपली.  "मग फेस्टीचं ते माझ्यामुळे नव्हतं, ऑर्ला."

"नव्हतं."

"सहा म्हटलं, म्हणून नव्हे."

"नव्हे गं. कधीच नव्हतं."

चौऱ्याऐंशी वर्षांची ती बाई तेव्हा जी रडली, ती म्हातारीसारखी नाही रडली. तोंड उघडं टाकून, नाक न पुसता, लहान पोरं रडतात तशी रडली. ऑर्लानं तिचं डोकं पोटाशी धरलं आणि गळ्यातलं सरकारी ओळखपत्र स्वतःच्या पाठीमागे सरकवलं, नाहीतर त्याची कड तिच्या गालाला लागली असती. आतल्या खोलीतून कुणी उठून आलं नाही, किंवा रोशीन दाराशी येऊन मागे फिरली असेल.

शांत झाल्यावर नॅननं फॉर्म पुढे ओढला. शेवटच्या पानावर एक मोठी रिकामी चौकट होती. "हे काय?"

"यात मनाला येईल ते लिहायचं. लिहिलंच पाहिजे असं नाही. शंभर वर्षं बंद राहतं. मग उघडून वाचतात." ऑर्ला जरा थांबली. "तुझ्या आईला सांगायचं असेल काही, तर लिही. मी बघणार नाही."

नॅननं चौकटीकडे नीट पाहिलं. मग चष्मा काढला, त्याची घडी घातली आणि फॉर्म मिटून ऑर्लाच्या हातात दिला.

"एवढी शंभर वर्षं कोण थांबतंय," ती म्हणाली. "मी त्याच्या आधी भेटेन तिला. तोंडानंच सांगेन."